सेव्ह न केलेली नावं

जेवायला म्हणून उठले, वीस मिनिटं.
परत आले तर पडदा काळा.
पेटीवरचा निळा दिवा मात्र उघडझाप करत होता,
झोपलेल्या पोराच्या पापणीखाली
बुब्बुळ हलावं तसा.

माउस हलवला. स्पेसबार दाबला.
मग एन्टर, मग सगळीच बोटं एकदम,
लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी.
आत पंखा घरघरला.
मॉनिटर म्हणाला, सिग्नल नाही,
आणि पुन्हा डोळे मिटले.

बिटको चौकातून अश्फाक आला,
डिसेंबरचे दोन स्वेटर एकावर एक,
खिशात नुसता स्क्रूड्रायव्हर.
"ताई, बटण दाबून धरलं नाही ना?"
नाही धरलं.
"मग आहे अजून. हे झोपतं ना,
तेव्हा सगळं रॅममध्ये धरून झोपतं.
करंट आहे तोवर मूठ बंद."

मुठीत होतं ते असं:
कै. दशरथ सखाराम गायधनी, रा. पळसे,
दशक्रिया विधी सोमवारी, रामकुंड, सकाळी साडेसात,
आणि खाली 'शोकाकुल',
एकेचाळीस नावं.
लीलाबाईंनी सांगितलेली, हातात कागद नाही,
स्टुलावर बसून सकाळचा तासभर,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.
एक भाचेजावई दोनदा आला होता, तो मी खोडला.

सेव्ह केलं नव्हतं.
हे अश्फाकला आधी सांगितलं नाही.
मग सांगितलं.

तो काही बोलला नाही. केबल काढून दुसरीकडे लावली.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मॉनिटर आणला, तोही काळाच.
"कॅप्सलॉक दाबा. दिवा लागतो?"
नाही लागत.
"म्हणजे ऐकतच नाहीये."
रस्त्यावरून देवळालीकडे लष्कराचे ट्रक गेले,
एकामागे एक, काचा थरथरवत.
दिव्याची उघडझाप तशीच, जराही घाई नाही.
प्रेसचा भोंगा झाला तेव्हा त्याने विचारलं,
"धरू?"
धर.

चार सेकंद लागतात.
चुलते, मावसभाऊ, व्याही, सिन्नरचे साडू,
समस्त गायधनी परिवार.
चौथ्याला दिवा विझला.

मग सगळं सोपं होतं.
माझ्याच टेबलावरच्या खोडरबराने
त्याने रॅमची सोनेरी पट्टी घासली, फुंकर मारली,
नाण्याएवढा सेल बदलला.
मशीन शहाण्यासारखं उठलं,
आणि दाखवली ती कालची,
कुणाच्यातरी बारशाची पत्रिका,
चारही कोपऱ्यांत पाळणे.

जाताना सेटिंगमध्ये शिरून म्हणाला,
"झोप काढून टाकलीये. आता कधीच नाही झोपणार."
चहा नको म्हणाला, दोनशेच घेतले.

फोन केला तेव्हा वाटलं, रडतील.
लीलाबाई म्हणाल्या, "येते.
घरी तरी काय, माणसं येतात, बसतात, जातात."
पाचच्या रिक्षाने आल्या, त्याच स्टुलावर बसल्या,
त्याच क्रमाने सुरू.
मी दर पाच नावांनी सेव्ह दाबत होते,
चोरून.
या वेळी भाचेजावई एकदाच आला.

एकेचाळीस झाली. मी मान वर केली.
त्या पडद्याकडे पाहत होत्या,
वाचता येत नाही तरी.
पदर बोटावरच राहिला होता.
"आणि रंजना," म्हणाल्या.
आडनाव?
"आडनाव नको. नुसतं रंजना.
खाली नको टाकू. वर घे, पोरांच्या ओळीत."

पोरांच्या ओळीत जागा नव्हती.
फाँट अर्ध्याने लहान केला,
दोन स्वल्पविरामांतलं अंतर आवळलं,
बसली.

दुसऱ्या दिवशी प्रूफ बघायला नातू आला,
हेल्मेट काखेत, नावांवर बोट सरकवत.
दुसऱ्या ओळीत बोट थांबलं.
"ही कोण?"

मी म्हटलं, तुझ्या आजीने सांगितलंय.
तो उभाच राहिला जरा वेळ.
मागे मशीन जागं होतं, पंखा चालू.
मग म्हणाला, "छापा."